पारा न चढणारी पिल्ले

नागपुरात जानेवारीची थंडी बोचरी असते आणि त्या आठवड्यात तर रात्रीचे तापमान १० अंशांच्याही खाली उतरले होते. मी पशुरोगनिदान प्रयोगशाळेच्या विषाणू विभागात काम करते. सकाळी एका पशुवैद्यांनी लॅब्रॅडॉर कुत्रीची दोन मेलेली पिल्ले बर्फाच्या डब्यातून पाठवली. पिल्ले ९ दिवसांची होती. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते, की त्यांनी अचानक दूध पिणे सोडले, ती सारखी कण्हत-रडत राहिली, पोटाला हात लावू देईनात, पिवळसर-हिरवी पातळ शी झाली आणि दिवसभरात ती गेली. शेवटी पशुवैद्यांनी एक वाक्य अधोरेखित केले होते : ताप अजिबात नव्हता.

शवविच्छेदनात पिल्लांची मूत्रपिंडे बाहेर काढली तेव्हा टेबलाभोवती उभे असलेले आम्ही सगळेच थबकलो. फिकट पृष्ठभागावर सर्वत्र गर्द लाल रक्तस्रावाचे ठिपके विखुरलेले होते. फुप्फुसे रक्ताने भरून जड झाली होती, प्लीहा सुजलेली होती आणि यकृतावर करडे डाग होते. पहिल्या तीन आठवड्यांच्या आतले पिल्लू, ताप नाही आणि मूत्रपिंडावर असे ठिपके, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की श्वान हर्पिस विषाणूचे नाव प्रथम मनात येते. ऊतींचे नमुने पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी दिले आणि मी लगेच मालकीणबाईंना फोन लावला, कारण त्यांच्या घरी आणखी पाच पिल्ले जिवंत होती.

त्या निवृत्त शिक्षिका होत्या. पिल्लांचे गुदद्वारातले तापमान मोजायला सांगितल्यावर त्यांनी घरातला पाऱ्याचा थर्मामीटर काढला आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “मॅडम, पारा चढतच नाही हो. थर्मामीटर बिघडलेला दिसतोय.” मी म्हटले, “काकू, तोच थर्मामीटर स्वतःला लावून बघा.” त्यांच्या काखेत पारा नीट चढला. थर्मामीटर चांगलाच होता. आपल्याकडे घरोघरी असलेले हे थर्मामीटर ताप पाहण्यासाठी केलेले असतात आणि त्यांवरील आकडे ९४ फॅरनहाइटपासून, म्हणजे साधारण ३४.४ सेल्सिअसपासून सुरू होतात. पिल्लांची अंगे त्याहूनही गार होती.

नवजात पिल्लाला सुरुवातीच्या दिवसांत थंडीने कुडकुडताही येत नाही. मोठ्या कुत्र्याचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, तर पहिल्या आठवड्यातील पिल्लाचे ३५ ते ३७ च्या दरम्यान असते आणि तेही आईच्या कुशीवर अवलंबून असते. नेमक्या ३५-३६ अंशांनाच या विषाणूची पेशीतील वाढ सर्वांत जोमाने होते. मोठ्या कुत्र्यात तो नाक, घसा आणि जननमार्ग अशा तुलनेने थंड भागांपुरता राहतो आणि कुत्री बहुधा आजारी दिसतही नाही. पिल्लात मात्र तो रक्तातून यकृत, मूत्रपिंड, मेंदू असा सर्वत्र पोहोचतो, कारण त्याला अडवणारी ऊब आतल्या अवयवांतही नसते.

काकूंना मी सांगितले, की खोक्याच्या एका बाजूला दिवा लावा, म्हणजे फार गरम झाल्यास पिल्लांना दुसऱ्या बाजूला सरकता येईल; गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून ठेवा; हवा कोरडी पडू नये म्हणून जवळ ओला टॉवेल टांगा; आणि अंग गार असलेल्या पिल्लाला दूध पाजू नका, कारण थंड पडलेले आतडे दूध पुढे ढकलू शकत नाही. त्यांची नातवंडे पिल्लांशी खेळत होती, म्हणून हा विषाणू माणसाला होत नाही, हेही सांगितले. जी दोन पिल्ले आधीच रडू लागली होती त्यांच्याविषयी मी खोटी आशा दाखवली नाही. अवयवांत विषाणूचे थैमान सुरू झाल्यावर उबेचा उपयोग फारच थोडा होतो. उरलेल्या तिघांसाठी मात्र तिचा उपयोग होण्याची शक्यता होती.

दुपारी मी कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या एमडीसीके पेशींच्या फ्लास्कमध्ये मेलेल्या पिल्लांच्या ऊतींचा गाळलेला अर्क टाकला. निदानासाठी ३५ अंशांचा एक इनक्युबेटर पुरला असता. तरीही काही फ्लास्क मी मुद्दाम ३९ अंशांना ठेवले आणि उष्णतेने पेशीच खराब झाल्या असे कोणी म्हणू नये म्हणून दोन्ही तापमानांना अर्क न टाकलेले फ्लास्कही ठेवले. संध्याकाळी पीसीआरने हर्पिसवर शिक्कामोर्तब केले.

पुढच्या दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले ते मी विद्यार्थ्यांना बोलावून दाखवले. ३५ अंशांच्या फ्लास्कमध्ये पेशी गोल होऊन, फुगून थरातून सुटत होत्या आणि त्यांच्या जागी भोके पडली होती. ३९ अंशांचा थर जवळपास अखंड होता. हे फ्लास्क मी नंतर ३५ अंशांना हलवले, तेव्हा त्यांतही पेशी गोल होऊ लागल्या. म्हणजे विषाणू आत होताच, त्याचे काम तेवढे अडले होते. ५६ अंशांना हा विषाणू काही मिनिटांत निकामी होतो. ३९ अंश त्याला मारत नाहीत, पण पेशीच्या आत त्याच्या डीएनएची आणि प्रथिनांची निर्मिती मंदावते आणि पूर्ण तयार झालेले विषाणुकण फार थोडे निघतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात लेलँड कार्मायकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ ते १९७१ या काळात हे पेशीसंवर्धनात आणि प्रत्यक्ष पिल्लांतही दाखवून दिले होते. इतके जुने आणि इतके स्वस्त ज्ञान कुत्री पाळणाऱ्या घरांपर्यंत अजून पोहोचत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

रडणारी दोन पिल्ले त्याच रात्री गेली. नंतर आणखी एक गेले आणि दोन वाचली. एका वेतावरून ऊबेने ती वाचली असे मी म्हणणार नाही. संसर्ग किती झाला आणि आईच्या चिकातून किती प्रतिपिंडे मिळाली यावरही बरेच अवलंबून असते. काकूंनी मात्र दिवा लगेच काढायचा का असे विचारले, तेव्हा मला ते हलवलेले फ्लास्क आठवले आणि तीन आठवडे पूर्ण होईपर्यंत ऊब कमी करू नका असे मी बजावले. त्यांची कुत्री पहिल्या वेताची होती. संसर्ग होऊन गेलेल्या कुत्रीच्या चिकातून पुढच्या वेताच्या पिल्लांना बहुधा संरक्षण मिळते, त्यामुळे तिला पुन्हा पिल्ले होऊ द्यावीत की नाही या त्यांच्या प्रश्नाला मी होकार दिला. फक्त खोके, दिवा आणि ९४ च्या खालचे आकडे दाखवणारा थर्मामीटर आधीच तयार ठेवायला सांगितले.