कुंपणापलीकडचं हरीण

अमेरिकेत रानातलं हरीण जमीनमालकाच्या मालकीचं नसतं. जनतेच्या वतीने राज्य ते सांभाळतं. जमीन मात्र मालकाची. त्यामुळे खिशात शिकारीचं लायसन्स आणि टॅग (एक हरीण मारायच्या परवानगीची चिठ्ठी) दोन्ही असले तरी दुसऱ्याच्या रानात पाय टाकायचा तर परवानगी वेगळी लागते. टेक्ससमध्ये ९० टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे, आणि तिथली बरीचशी शिकार लीजवर, म्हणजे पैसे मोजून भाड्याने घेतलेल्या रानात चालते. लीज परवडत नसेल तर दोन वाटा उरतात: राज्याची ॲक्सेस योजना, नाहीतर मालकाचं दार ठोठावणं.

योजनांची मांडणी साधारण सारखीच असते. राज्य मालकाला मोबदला देतं आणि मालक हंगामापुरतं रान उघडतो. मिशिगनची योजना १९७७पासून आहे, मोंटानाची ‘ब्लॉक मॅनेजमेंट’ १९८५पासून आणि कॅन्ससची ‘वॉक-इन’ १९९५पासून. केंद्र सरकारही राज्यांना यासाठी पैसे देतं. २०१८च्या फार्म बिलात, म्हणजे शेतीविषयक केंद्रीय कायद्यात, त्यासाठी ५ कोटी डॉलर ठेवले होते. पण ‘उघडं’ म्हणजे ‘वाटेल तसं या’ असं नाही. कॅन्ससच्या वॉक-इन रानात गाडी चालत नाही, आत चालतच जायचं. आतडी काढून साफ केलेला मोठा नर साठ-सत्तर किलो सहज भरतो, म्हणून ओढायची प्लास्टिकची स्लेड (बिनचाकी घसरगाडी) गाडीत आधीच टाकलेली बरी. मोंटानात काही रानांच्या तोंडाशी पेटी असते, तिथे स्वतःच नोंद करून आत जाता येतं. बाकीच्या ठिकाणी आधी वेगळी परवानगी घ्यावी लागते. पेटीतली चिठ्ठी भरायचा कंटाळा करू नये. नोंद नसेल तर तुम्ही विनापरवाना घुसलेले ठरता.

अशा रानात एका वेळी मोजक्याच शिकाऱ्यांना का सोडतात, हे चाळीस एकरांचा तुकडा डोळ्यांपुढे आणला की कळतं. जमीन सारख्या चौकोनांत मोजायच्या अमेरिकी पद्धतीत असा तुकडा पाव मैल लांब आणि पाव मैल रुंद असतो, म्हणजे प्रत्येक बाजू जेमतेम ४०० मीटर. अगदी मधोमध मचाण लावलं तरी कुठलंही कुंपण २०० मीटरवर. त्यात फुप्फुसातून गोळी गेलेलं हरीणसुद्धा शंभर मीटर पळू शकतं. पोटात लागलेलं तर त्याहून किती लांब जाईल याचा नेम नाही. मचाण हद्दीपासून पन्नास मीटरवर असेल, तर हरीण शेजाऱ्याच्याच रानात जाऊन पडायचं.

आणि खरी कटकट तिथे सुरू होते. रक्ताचा माग कुंपणापर्यंत स्वच्छ दिसतो, पुढचं रान दुसऱ्याचं. मिशिगनचा कायदा शिकारी कुत्रा परत आणायला पायी, हत्याराशिवाय आत जाऊ देतो. जखमी हरणासाठी मात्र अशी सवलत नाही. दुसऱ्या राज्यांत नियम वेगळे आहेत, ते हंगामाआधी वाचून ठेवावेत. शेजारच्या मालकाचा फोन नंबरही आधीच घ्यावा. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर अर्ध्या तासाने मागावर निघावं. रक्तात तपकिरी-हिरवट घाण दिसली, तर गोळी पोटात लागली आहे; सहा ते आठ तास अजिबात पाठलाग करू नये. घाई केली की आडोशाला बसलेलं हरीण उठतं आणि आणखी दोन कुंपणं ओलांडतं.

मोबाइलवरच्या नकाशातल्या हद्दीवर डोळे झाकून विसंबू नये. ती रेष म्हणजे जमिनीची मोजणी नव्हे, आणि दाट झाडीत जीपीएसही काही मीटर सरकतो. झाडावर जांभळा रंग दिसला तर थांबा. पेनसिल्व्हेनिया आणि टेक्ससमध्ये तो ‘प्रवेश बंद’च्या पाटीइतकाच पक्का: किमान ८ इंच लांब, १ इंच रुंद उभा पट्टा, जमिनीपासून ३ ते ५ फुटांवर. पाटी नाही म्हणून रान मोकळं, हाही गैरसमजच. मिशिगनमध्ये शेतजमिनीवर पाटी असो-नसो, परवानगी लागतेच.

दार ठोठावायचं तर उन्हाळ्यात. हंगामाच्या आदल्या रात्री नको, आणि कापणी ऐन भरात असताना तर नकोच. एका कागदावर नाव, गाडीचा नंबर, तारखा, हत्यार आणि गाडी कुठे उभी करणार हे लिहून न्या. “मोठा शिंगवाला मिळेल का?” असं विचारणाऱ्याला मालक कंटाळलेले असतात, पिकाचं नुकसान कमी व्हावं म्हणून त्यांना कमी व्हायला हव्या असतात माद्या. मादीचे टॅग घेऊन जाणाऱ्याला होकार मिळायची शक्यता जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. फुकट परवानगी देणाऱ्या मालकाला बहुतेक अपघातांच्या जबाबदारीतून वाचवणारे कायदे सर्व ५० राज्यांत आहेत. मालकाला ते माहीत नसेल तर शांतपणे सांगा. पैसे घेतले तर ते संरक्षण बहुधा जातं, म्हणून जाताना नोटा पुढे करू नका.

मचाणासाठी झाडात स्क्रू ठोकू नका. खोडात राहिलेला लोखंडाचा तुकडा करवतीच्या पात्याचे दात तोडतो, आणि ज्या ओंडक्यात लोखंड सापडतं तो लाकूड गिरणीवाला घेत नाही. पट्ट्याने बांधायचं मचाण आणा आणि परवानगीची मुदत संपायच्या आत उतरवून न्या.