दॅटनंतरचं पुट ऑफ आणि माझे तीन आठवडे

ऑनलाइन इंग्लिश ग्रामरचा कोर्स एकदाचा संपला, सर्टिफिकेटही आलं, पण डोक्यातून ते १४ नंबरचं वाक्य काही जात नाही म्हणून लिहून टाकतेय. बाकीच्या युनिट्सबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आर्टिकल्स वगैरे झालं आपोआप. अडकले ती एकाच असाइनमेंटमध्ये. दॅटनंतर फ्रेझल व्हर्ब आला, म्हणजे पुट ऑफ, गिव्ह अप सारखं अप-ऑफ-डाउनची शेपटी लागलेलं क्रियापद, आणि तोही भूतकाळात, तर त्याचं करायचं काय.

आधी हे सांगते की आपली गोची मुळात कुठे होते, कारण मला कोर्समध्ये कोणीच सांगितलं नाही. फ्रेझल व्हर्ब आपण मराठी बोलताना दिवसभर वापरतो. पिकअप केलं, सेटअप केलं, ब्रेकअप झालं, लॉगिन केलं. पण यात काळाचं सगळं ओझं केलं-झालं उचलतात, इंग्रजी शब्द जसाच्या तसा राहतो. त्यामुळे पिक्ड अप, ब्रोक अप ही रूपं तोंडात बसतच नाहीत. माझ्या पहिल्या असाइनमेंटमध्ये चक्क 'पिक अप्ड' होतं, हसा खुशाल. पण त्यातही लॉजिक आहे बरं का, आपल्या 'सोडून दिलं', 'विसरून गेली' मध्ये काळ शेवटच्या शब्दाला लागतो आणि पहिला तसाच राहतो, इंग्रजीत बरोबर उलटं, बदलायचं ते पहिल्या शब्दानं आणि मागचे अप, ऑफ, डाउन ढिम्म.

दुसरी गोची आपल्या 'की'ची. मराठीत 'तो म्हणाला की मी सोडून देतोय' असं त्याचं बोलणं आहे तसं उचलून ठेवता येतं, मी सुद्धा मीच राहतो. इंग्रजीत मात्र 'ही सेड दॅट ही वॉज गिव्हिंग अप', म्हणजे माणूसही बदलला आणि काळही एक पायरी मागे गेला. हे एकदा कळल्यावर मी काय केलं, तर जिथे दॅट दिसेल तिथे हॅड कोंबायला लागले. हॅड ब्रोकन डाउन, हॅड कॉल्ड ऑफ, हॅड रन आउट. तसं नसतं. 'ही सेड दॅट द कार ब्रोक डाउन' हे ठीकच आहे, आधी काय नंतर काय हे कळतंय ना, मग झालं. हॅड कामाला येतो तो 'शी सेड दॅट ही गेव्ह अप' सारख्या ठिकाणी, कारण हे वाक्य ऐकून तिचे मूळ शब्द 'ही गिव्ह्ज अप' होते की 'ही गेव्ह अप' हे कळतच नाही. 'हॅड गिव्हन अप' म्हटलं की शंका मिटली.

तर आता ते वाक्य. मॅनेजर तिला म्हणतो, 'पुट ऑफ द मीटिंग', म्हणजे मीटिंग पुढे ढकल. हे इन्सिस्टेड दॅट वापरून लिहा.

मी लिहिलं, 'द मॅनेजर इन्सिस्टेड दॅट शी हॅड पुट ऑफ द मीटिंग'. चार दिवसांनी लाल रेघ आणि शेरा, 'काळ बघा'. बस, एवढाच. मी म्हटलं हॅड नको असेल, मग 'शी पुट्स ऑफ' केलं, शी आहे म्हणजे एस लागणारच ना. परत चार दिवस, परत लाल रेघ, परत 'काळ बघा'. अहो बघतेय ना काळ! तपासणाऱ्यांना मेसेज केला तर उत्तर आलं की युनिट पुन्हा वाचावं. युनिट मी तोपर्यंत इतक्यांदा वाचलं होतं की पान डोळ्यांपुढे दिसायचं. तिसऱ्यांदा वैतागून साधं 'शी पुट ऑफ' लिहिलं, म्हटलं पुटचा भूतकाळ पुटच असतो, घ्या तुमचा भूतकाळ. आणि हिरवी टिक आली! इतका आनंद झाला की विचारू नका, घरात सगळ्यांना सांगितलं, कोणाला काही कळलं नाही ते सोडा.

पुढच्याच सेटमध्ये तसंच वाक्य, फक्त 'टर्न डाउन द ऑफर'. मी ऐटीत लिहिलं, 'इन्सिस्टेड दॅट शी टर्न्ड डाउन द ऑफर', मागच्या वेळी भूतकाळ चालला होता ना. लाल रेघ. काळ बघा.

त्या दिवशी मी लॅपटॉप बंद करून टाकला. आणि मग रात्री ते वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हणून बघितलं तेव्हा ट्यूब पेटली. मराठीत ही दोन वेगळी वाक्यं आहेत. 'त्यानं आग्रह धरला की तिनं ऑफर नाकारावी' हे एक आणि 'तो ठासून सांगत होता की तिनं ऑफर नाकारली' हे दुसरं. नाकारावी आणि नाकारली. इंग्रजीत दोन्हीला इन्सिस्टेडच. 'नाकारली'साठी टर्न्ड डाउन, आणि 'नाकारावी'साठी नुसतं टर्न डाउन, ना ईडी ना एस, शी असो नाहीतर ही. म्हणजे माझं आधीचं पुट ऑफ बरोबर आलं ते भूतकाळ म्हणून नाहीच! ते मूळ रूप होतं, फक्त दिसायला सारखं. बरोबर उत्तर चुकीच्या कारणानं आलं होतं आणि हिरव्या टिकनं मला ते कळूच दिलं नाही. 'इथे मूळ रूप हवं, कारण ही मागणी आहे' एवढी एक ओळ लिहिली असती तर माझे तीन आठवडे वाचले असते.

वर आणखी चीड येण्यासारखी गोष्ट म्हणजे हे मूळ रूप जास्त अमेरिकन वळणाचं आहे, ब्रिटिश लोक सर्रास 'शुड टर्न डाउन' लिहितात आणि कधी कधी साधा भूतकाळही चालवून घेतात. म्हणजे माझं लाल रेघवालं वाक्य कुठेतरी चाललंही असतं.

तुम्ही अडकलात तर वाक्य नकारार्थी करून बघा, ही युक्ती माझी मला सापडली. मागणी असेल तर 'दॅट शी नॉट पुट ऑफ', घडलेली गोष्ट असेल तर 'दॅट शी डिडन्ट पुट ऑफ'. लगेच वेगळी पडतात. पुट, सेट, कट, शट, लेट या पाच जणांबरोबर तर हे कराच, कारण यांचं भूतकाळाचं रूप तेच असतं. सजेस्ट, डिमांड, रेकमेंड यांच्या मागेही हीच भानगड. आणि सजेस्टचेही दोन अर्थ आहेत, 'असं करावं' म्हणून सुचवलं आणि 'असं झालंय' असं सूचित केलं, तिथेही आधी मराठीत म्हणून बघा.

हो, आणि इट किंवा देम असेल तर ते मधे जातं, 'दॅट शी टर्न्ड इट डाउन'. 'टर्न्ड डाउन इट' नाही. यात माझे दोन मार्क गेले. पण 'लुक्ड आफ्टर इट' मधे मात्र फोडायचं नाही, ते कुठलं फुटतं आणि कुठलं नाही हे पाठच करावं लागतं, मला तरी दुसरा रस्ता दिसला नाही.

फ्रेझल व्हर्ब हे नाव, लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली पुस्तकात मांडलं आणि ते सुचवलं होतं ऑक्सफर्ड डिक्शनरीचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. हे मी त्या लाल रेघेच्या चार-चार दिवसांत वाचत बसले होते, दुसरं करणार काय.

आणखी एक राहिलंच. 'इट्स टाइम दॅट वी सेट ऑफ' मधलं सेट भूतकाळ आहे, पण निघायचंय आत्ता. सेटमुळे दिसत नाही, 'इट्स टाइम दॅट यू गेव्ह अप' घेतलं की दिसतं. हा प्रश्न शेवटच्या टेस्टला आला होता आणि मी आधी गेव्ह खोडून गिव्ह केलं, मग परत गेव्ह. टाइम संपायला वीस सेकंद होते.