घोणस चावल्यावर दादा वाचला, त्यानंतरचं

पावसाळा सरला की आमच्या देवगडात कलमांच्या बागांची बेणणी सुरू होते आणि गवतात घोणस असतेच. दादाला बेणतानाच पायाला चावली. रक्त गोठेना, लघवी बंद झाली. एएसव्ही (सापाच्या विषावरचा उतारा) दिलं, डायलिसिस झालं, माणूस घरी आला. वहिनीने रवळनाथाचा नवस फेडला.

पण पुढे वर्षभर दादा झिजत गेला. वैशाखात सगळे घामाने निथळत असताना हा पडवीत गोधडी ओढून बसायचा. "माका थंडी लागता रे." उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी. जिथे दाखवलं तिथे थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच नॉर्मल, मग टॉनिक आणि "मन खंबीर करा." त्या सल्ल्याचा मला अजून राग येतो. दादाचं मन खंबीरच होतं, शरीर साथ देत नव्हतं.

शेवटी उलट्या लागल्या, सोडियम घसरलं, तो बरळायला लागला. त्यातून सावरल्यावर एका तरुण डॉक्टरने मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या एंडोक्रायनॉलॉजी (हार्मोन्सच्या आजारांच्या) विभागाची चिठ्ठी दिली. तुतारी एक्सप्रेसने दादर, तिथून परळ.

तिथल्या डॉक्टर बाईंनी फाइल बाजूला ठेवली आणि दादाची हनुवटी निरखून पाहिली. गुळगुळीत. "दाढी कधी केली होती?" दादाला आठवेना. वहिनी म्हणाली, "आता करूचीच लागत नाय." बाईंचा पुढचा प्रश्न, "यांना कधी साप चावलाय?"

मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. घोणसीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, त्यात कधी कधी ही ग्रंथीच मरते. थायरॉइड, अ‍ॅड्रिनल, वृषणं सगळी तिच्या हुकमावर चालतात. थायरॉइडला हुकूम देणारं टीएसएच तीच बनवते, मग ती मेल्यावर टीएसएच वाढणार कुठून? आकडा नॉर्मल दिसतो, थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, फ्री टी-फोर, मात्र खाली असतं. दादाचं सकाळी आठचं कॉर्टिसॉल (मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथींचं हार्मोन) तर तळाला गेलं होतं.

आधी कॉर्टिसॉलची उणीव भरणारं हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉइडचं थायरॉक्सिन नंतर. हा क्रम बाईंनी आम्हाला पुन्हा पुन्हा बजावला. उलटा झाला तर अंगात उरलंसुरलं कॉर्टिसॉलही झपाट्याने संपतं आणि जिवावर बेततं. गोळ्या आता जन्माच्या. ताप आला की डोस दुप्पट, उलटीत गोळी टिकली नाही तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि थेट दवाखाना. तसं लिहिलेलं कार्ड दादाच्या पाकिटात आधार कार्डाच्या पुढे असतं.

दादा पुन्हा बागेत जातो, गमबूट घालून.

तुमच्याकडे कुणाला घोणस चावली असेल आणि महिने उलटले तरी माणूस उभारी धरत नसेल, तर साप चावल्याचं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. नुसत्या टीएसएचवर थांबू नका, सकाळचं कॉर्टिसॉल आणि फ्री टी-फोर मागा. बाळंतपणात फार रक्त गेलेल्या बायकांचंही असं होऊ शकतं: अंगावर दूध येत नाही, पाळी परतत नाही, थकवा हटत नाही. त्यांच्याही याच तपासण्या करायला सांगा.