तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मुलाँ रूज’ बघताना रडू येतं कुठे?

प्रश्न साधारण असा येतो: “एवढं कौतुक ऐकलं म्हणून ‘मुलाँ रूज’ लावला. पंधरा-वीस मिनिटं तो कल्ला सोसला आणि बंद केला. लोक शेवटी हमसून हमसून रडतात ते नेमकं कशाला?” विचारणारे बहुतेक वेळा गाण्यांचे सिनेमे प्रेमाने बघणारे असतात. म्हणूनच या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला हवं.

थोडक्यात सांगायचं तर तुम्ही तो दहा-पंधरा मिनिटं लवकर बंद केलात. आता सविस्तर.

बाझ लुहरमनचा हा सिनेमा 2001 चा. त्या वर्षीच्या कान चित्रपट महोत्सवाची सुरुवात त्याने झाली. ऑस्करची आठ नामांकनं मिळाली, कला दिग्दर्शन आणि वेशभूषेचे दोन पुरस्कार मिळाले, आणि दिग्दर्शकाला मात्र नामांकनसुद्धा नव्हतं. तेव्हापासून आजपर्यंत प्रेक्षक तसेच दुभंगलेले आहेत: एकाला तो डोकेदुखी वाटतो, दुसरा तो पाचव्यांदा बघतो. गोष्ट साधी आहे. पॅरिसच्या मुलाँ रूज या नाचगाण्याच्या थिएटरातली नर्तकी सातीन, कफल्लक लेखक क्रिस्तियाँ, पैसा लावणारा ड्यूक, आणि सातीनला झालेला क्षय.

सिनेमा सुरू होतो तो लाल पडद्याने. पडद्यासमोर वाद्यवृंदाचा संचालक हात उंचावतो, पडदा उघडतो आणि काही मिनिटांतच क्रिस्तियाँ सांगून टाकतो की त्याची प्रेयसी मेलेली आहे. शेवट कळला. आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्या माणसाला अभिमन्यूचं काय होणार हे ठाऊक असतं, तरी चक्रव्यूहाशी आल्यावर त्याचा घसा दाटतोच. तोच करार इथे आहे. पुढचे दोन तास काय होणार याची उत्सुकता नाही, कसं होणार याची आहे.

मग तो कल्ला. कॅनकॅनच्या, म्हणजे पाय उंच फेकत करायच्या फ्रेंच नाचाच्या दृश्यात एकावर एक दोन गाणी चालतात: बाया एक ओळ गातात आणि टेलकोटातले पुरुष त्यावर निर्वाणा बँडची ओळ आदळतात. कॅमेरा कुठेच थांबत नाही. एडिटर जिल बिलकॉकला या कामासाठी ऑस्करचं नामांकन होतं, म्हणजे हा गोंधळ निष्काळजीपणाचा नक्कीच नव्हे. 2001 सालच्या पाश्चात्य प्रेक्षकाची, पडद्यावरचा माणूस बोलता बोलता गायला लागला तर ते खरं मानायची सवय मोडली होती. त्याला गदागदा हलवून, हसवून, त्याचा विरोध दमवून मगच गाणं ऐकवायचं, असा हा डाव आहे.

मराठी प्रेक्षक अडखळतो तो वेगळ्या ठिकाणी. माणसाने मध्येच गाण्याबद्दल आपली मुळीच तक्रार नसते, आपण नांदीपासून तयार असतो. आपल्याला खटकतं ते गाणं टिकत नाही हे. ध्रुवपद आलं, आता अंतरा येईल म्हणून कान लावावा तर तोवर तिसरंच गाणं सुरू. तुमच्या वैतागाचं कारण बहुधा हेच असतं, आणि सिनेमाची किल्लीही तिथेच आहे. सुरुवातीला सगळ्या चिंध्या असतात. पात्रांच्या मनात एक भावना ठरली की मगच एक गाणं बैठक मारून बसतं.

असं पहिलं गाणं अर्ध्या तासाच्या आसपास येतं. हत्तीच्या आकाराच्या खोलीत सातीन क्रिस्तियाँला ड्यूक समजते. तो कविता म्हणू पाहतो, ती भलताच अर्थ घेऊन जमिनीवर लोळते. हे दृश्य अतिरेकी आहे आणि तसंच हवं आहे. त्या धांदलीत तो एल्टन जॉनच्या ‘युअर साँग’ची पहिली ओळ मोकळ्या आवाजात लावतो, आणि सिनेमा प्रथमच श्वास घेतो. बंद करायचाच असेल तर हे गाणं संपल्यावर करा. इथेही काही झालं नाही तर हा सिनेमा तुमचा नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

त्यानंतर हत्तीच्या डोक्यावर चालणारी जुगलबंदी. लावणीतले सवाल-जवाब ऐकलेल्याला तिची घडण लगेच कळेल. तो निरनिराळ्या प्रसिद्ध प्रेमगीतांची एकेक ओळ टाकतो, ती प्रत्येक ओळ व्यवहाराने परतवते. तो म्हणतो प्रेमासाठीच जन्मलो, ती म्हणते त्याची फी पडेल. बीटल्स, किस, यू-टू, पॉल मॅकार्टनी असं सगळं येऊन जातं. नीट ऐका: सुरुवातीला ती त्याची चाल तोडते, मग त्याच्याच चालीत नकार देते, आणि डेव्हिड बोवीच्या ‘हीरोज’ला आल्यावर दोघं एकत्र गातात. शब्दांत ती अजून हरलेली नसते, चालीत आधीच हरलेली असते.

“पण आम्हाला ही इंग्रजी गाणी माहीत नाहीत” ही अडचण खरी आहे. इथलं निम्मं हसू गाणं ओळखीचं निघाल्यामुळे येतं. संगीत नाटकांनीही ठुमरी, गझल, लावणी यांच्या लोकांच्या कानात बसलेल्या चाली घेऊन त्यांवर नवी पदं रचली. चाल आधीच आवडती, म्हणून अर्थ लवकर पोचायचा. ‘मुलाँ रूज’ तेच करतो, फक्त रेडिओवरच्या गाण्यांनी. म्हणून बघण्याआधी ‘युअर साँग’, ‘हीरोज’ आणि पोलीस बँडचं ‘रॉक्सॅन’ अशी तीनच गाणी दोनदा ऐकून ठेवा. बाकीची नाही ऐकलीत तरी चालेल.

आपल्यासाठी उलटी गंमत शेवटाकडे आहे. सिनेमात क्रिस्तियाँ मुलाँ रूजसाठी लिहितो ते नाटक भारतातलं आहे: महाराजा, गणिका आणि गरीब सतारवाला. त्यात ‘चायना गेट’ (1998) मधलं, उर्मिला मातोंडकरवर चित्रित झालेलं ‘छम्मा छम्मा’ अलका याज्ञिकांच्या आवाजात वाजतं. लुहरमनने भारतात थिएटरात बसून हिंदी सिनेमा बघितला होता, आणि एकाच खेळात विनोद, रडारड, गाणी, मारामारी सगळं चालवून घेणारा प्रेक्षक त्याच्या मनात राहिला. त्या ऋणाची ही जाहीर पावती आहे. अडचण एवढीच की ‘छम्मा छम्मा’ कानावर आलं की आपल्या सभागृहात हशा आणि शिट्ट्या पडतात, आणि नेमका तेव्हा क्रिस्तियाँ आत शिरून सातीनला गाठायच्या बेतात असतो. ग्रुपला दाखवणार असाल तर हे गाणं आहे असं आधीच सांगून टाका. हशा आधी होऊन गेला तर प्रसंग वाचतो.

मधला टँगो नाच मात्र कुणालाच काही समजावून द्यावा लागत नाही. ‘रॉक्सॅन’ हे मूळचं रॉक गाणं इथे व्हायोलिनवर आणि याचेक कोमनच्या खरखरीत आवाजात येतं. खाली नाच चालू आहे, बाहेर क्रिस्तियाँ मत्सराने जळत चालतो आहे, वर मनोऱ्यात ड्यूक सातीनवर जबरदस्ती करू पाहतो आहे. तीन जागा, एक ताल. इतका वेळ ज्या ड्यूकला विदूषक बनवलं, तोच अचानक खरा भीतिदायक होतो. पुष्कळांना हा उडी मारल्यासारखा बदल झेपत नाही आणि त्यांची तक्रार योग्य आहे. ड्यूक आधीपासून थोडा जरी माणसासारखा लिहिला असता, तर ही भीती हळूहळू चढली असती.

शेवटाकडे क्रिस्तियाँ भर रंगमंचावर सातीनच्या अंगावर पैसे फेकतो. नाटकातल्या प्रेक्षकांना वाटतं हा खेळाचाच भाग. थिएटरचा मालक झिडलर प्रसंग सावरत जाहीर करतो की हा वेशांतर केलेला सतारवालाच आहे, आणि ते खूश होतात. मग ती गाते, तो परत फिरतो, टाळ्यांचा कडकडाट होतो, पडदा पडतो, आणि पडद्यामागे ती कोसळते. बाहेर टाळ्या चालूच. रडू नेमकं इथे येतं. मृत्यू तर पहिल्यापासून ठाऊक होता. पण समोर शेकडो माणसं आनंदात आहेत आणि खरी गोष्ट फक्त आपल्याला माहीत आहे, हे एकटेपण सहन होत नाही. आरंभीचा सगळा कल्ला या टाळ्यांसाठी लागतो: सुरुवातीला त्या गर्दीत आपणही होतो.

पैसे फेकण्याच्या प्रसंगावर अनेक स्त्रिया आक्षेप घेतात: इतका अपमान एका गाण्यात धुऊन निघतो का? निघत नाही. गाणं तो अपमान ओलांडून जातं, त्याचा हिशोब करत नाही. हा आक्षेप मनात ठेवून रडणंही शक्य आहे, आणि बऱ्याच जणींचं तसंच होतं.

रडवण्याची ही वाट किती निसरडी आहे ते इटालियन संगीतकार व्हर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेरावरून कळतं. क्षयाने मरणाऱ्या गणिकेची तीच जुनी गोष्ट. 1853 मध्ये व्हेनिसला पहिला प्रयोग पडला. नायिकेची गायिका चांगली धष्टपुष्ट होती, तिला क्षयाने ग्रासल्याचं सांगितल्यावर प्रेक्षक हसले. पुढच्या वर्षी त्याच शहरात दुसरी गायिका घेऊन प्रयोग झाला आणि तो उचलला गेला. भव्य शोकांतिकेत हसू आणि रडू शेजारीच बसलेले असतात. एखादी गोष्ट खोटी दिसली की पारडं फिरतं.

घरी त्या खोट्या गोष्टी बहुतेक वेळा टीव्ही घडवतो. चित्र गुळगुळीत करणारी सेटिंग आधी बंद करा, तिच्यामुळे भराभर कापलेली दृश्यं मालिकेसारखी दिसतात. आवाज कॅनकॅनला कमी करून पुढे तसाच ठेवला तर ‘युअर साँग’ आधीची कुजबुज हरवते, म्हणून सुरुवातीलाच एक पातळी ठरवा आणि रिमोट बाजूला ठेवा. कॅनकॅनपुरती सबटायटल्स बंद करा: वाचणं आणि तो वेग एकत्र झेपत नाही, आणि तिथे शब्दांना फारसं महत्त्व नाही. जुगलबंदीला ती चालू हवीतच. सिनेमा दोन तासांहून थोडा मोठा आहे. चहासाठी थांबायचंच असेल तर जुगलबंदी झाल्यावर थांबा, तिच्याआधी नाही. मोबाइलवर हा सिनेमा बघूच नये. आणि शेवटचा लाल पडदा मिटेपर्यंत कुणाला दिवा लावू देऊ नका.