परागकण मोजून झाले, तारीख मात्र चुकली

तळ्याच्या तळातून काढलेला गाळाचा कोअर, म्हणजे थरांचा अखंड दंडगोल, उभा चिरून टेबलावर ठेवला, तेव्हा मला करड्या आणि काळपट पट्ट्यांपलीकडे काहीही दिसले नाही. त्या पट्ट्यांतील परागकण ओळखून, मोजून, तळ्याभोवतीची वनस्पतिसृष्टी कशी बदलत गेली हे ठरवणे, हे माझे काम होते. स्वीडिश भूवैज्ञानिक लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली परागकणांचे आलेख प्रथम मांडले. त्यामागचे तत्त्व आजही तेच आहे.

परागकणाचे बाह्य कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या अत्यंत चिवट पदार्थाचे असते, त्यामुळे बाकीचे सारे विरघळवून टाकले तरी ते टिकते. हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना जातो, पोटॅशियम हायड्रॉक्साइडने कुजलेले सेंद्रिय द्रव्य निघते आणि वाळूचे बारीक कण काढायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते. हे आम्ल काच खाते, म्हणून नळ्या प्लास्टिकच्या घ्याव्या लागतात. त्वचेवर सांडले तर कधीकधी लगेच वेदनाही होत नाहीत, पण ते आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी असल्याखेरीज मी ती बाटली कधीही उघडली नाही. शेवटच्या ॲसिटोलिसिसच्या, म्हणजे आम्लमिश्रणाने सेल्युलोज काढण्याच्या, टप्प्यापूर्वी नमुन्यातील पाणी संहत ॲसिटिक आम्लाने धुऊन काढावे लागते, कारण त्यातील मिश्रण पाण्याशी जोराने अभिक्रिया करते. या धुण्यातच माझे कित्येक दिवस गेले.

मोजणी मात्र मला आवडली. पाइनचा कण त्याच्या दोन हवेच्या पिशव्यांमुळे क्षणात ओळखू येतो, पण तो वाऱ्यावर फार दूर जातो, त्यामुळे त्याची संख्या जास्त दिसली म्हणून तळ्याकाठी पाइनचे वन होते असे म्हणता येत नाही. गवतांचे कण तर बहुधा एकमेकांसारखेच दिसतात. प्रत्येक थरातून किमान ३०० कण मोजल्यावर एका पातळीवर वृक्षांचे कण घटलेले आणि गवत व आर्टेमिसियाचे (दवण्याच्या प्रजातीतील झुडपांचे) वाढलेले आढळले. थंड, कोरड्या, उघड्या भूप्रदेशाची ही खूण होती.

ही खूण यंगर ड्रायास या, सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या थंड काळाची असावी, असा माझा कयास होता. पण कार्बन-१४ चे, म्हणजे काळानुसार घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेले, वय त्याहून बरेच जुने निघाले, आणि माझ्या तळ्याभोवती थंडी इतरांच्या आधी आली, असे मी आराखड्यात लिहूनही टाकले. मार्गदर्शकांनी तो वाचून एवढेच विचारले, ''अगदी वरच्या थराचे वय किती आले?'' तेही काही शतके जुने होते, जे अशक्य होते, कारण तो गाळ नुकताच साचलेला होता.

चूक माझी होती. मी सरसकट गाळच तपासणीला पाठवला होता. परिसरात चुनखडी असेल तर पाण्यात विरघळलेला तिचा प्राचीन कार्बन, ज्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो, पाणवनस्पती वापरतात आणि त्यांचे अवशेष असलेला गाळ प्रत्यक्षाहून जुना भासतो. हवेतून कार्बन घेणाऱ्या जमिनीवरच्या झाडांना ही अडचण नसते. म्हणून गाळ पुन्हा चाळून, चिमट्याने पानांचे तुकडे आणि बिया वेचल्या. कार्बन-१४ चे अणू थेट मोजणाऱ्या त्वरक यंत्रावरील मापनाला काही मिलिग्रॅम पुरतात, पण तेवढे जमवायलाही आठवडे लागले. आलेली वये कार्बन-१४ ची वये प्रत्यक्ष वर्षांत बदलणाऱ्या इंटकॅल२० या वक्राने दुरुस्त केली, आणि 'आजपूर्वी' म्हणजे १९५० पूर्वी, हेही आलेखाखाली आठवणीने लिहिले.

वृक्षांची घट अखेर यंगर ड्रायासच्या आरंभाशी जुळली. परागकणांचा एकही आकडा बदलावा लागला नाही, बदलला तो केवळ वयाचा स्तंभ. ज्या एका पट्ट्यात पानाचा तुकडा सापडलाच नाही, तेथील रेषा मी तुटक ठेवली आहे.