शून्याचा रकाना

"बाकी सगळं ठीक आहे रे, पण बॅलन डी'ऑर किती? शून्य. विषय संपला."

आज पोलंडचा फुटबॉलपटू लेवांडोव्हस्की किती मोठा, यावरून वाद रंगला होता. बॅलन डी'ऑर म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार. एका मित्राने एवढं बोलून मोबाईल खिशात टाकला. तेव्हापासून तो 'शून्य' डोक्यात घोळतोय.

२०१९-२० च्या मोसमात त्याच्या बायर्न म्युनिक क्लबने बुंडेसलीगा (जर्मनीची मुख्य लीग), जर्मन कप आणि युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग, तिन्ही जिंकल्या. तिन्हींत सर्वाधिक गोल याचेच, एकूण ५५. आणि नेमका २०२० चा बॅलन डी'ऑरच करोनामुळे रद्द! पुढच्या वर्षी तो दुसरा आला. पहिल्या आलेल्या खुद्द मेस्सीने मंचावरून सांगितलं, की २०२० चा मानकरी तूच होतास. (फिफाने दोनदा 'द बेस्ट' हा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार दिला, पण तो वादात कोण मोजतो?)

मला मात्र मे २०२१ आठवतो. बायर्नचाच जुना गोलवीर गेर्ड म्युलर, त्याचा एका मोसमातला ४० गोलांचा बुंडेसलीगा विक्रम १९७१-७२ पासून कुणाला हलवता आला नव्हता. फ्रायबुर्गविरुद्ध पेनल्टीवर चाळिसावा गोल झाला आणि याने जर्सी वर केली. आतल्या टी-शर्टवर म्युलरचा चेहरा! विक्रमाची बरोबरी केलीस, तर मिरव ना स्वतःला. नाही.

शेवटचा सामना ऑग्सबुर्गशी. नव्वदावं मिनिट आलं तरी याचा गोल नाही. मग सहकारी सानेचा फटका गोलकीपरने अडवला, चेंडू सुटला आणि हा पठ्ठ्या तिथे हजर. ४१! तेही २९ सामन्यांत, मधे गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर बसूनसुद्धा.

जे वर्ष मोजलंच नाही, ते कुणाच्या खात्यात शून्य म्हणून कसं काय मांडायचं?