फिरकी

चर्चला निघायच्या घाईत कुडी घालताना फिरकी हातातून निसटली. टिक् असा एक आवाज आला, मग जरा लांबून आणखी एक बारीक टिक्, आणि मग काहीच नाही. कुडी आजीची, सात मोत्यांची. फिरकी ज्वारीच्या दाण्याएवढी. पण फिरकीवाचून कुडी कानात राहत नाही, आणि एका कानात कुडी घालून कुणी उपासनेला जात नाही.

"हलू नकोस!" स्वयंपाकघरातून आई ओरडली. आवाज तिनेही ऐकला होता. या बायकांचे कान कसले असतात कोण जाणे. कुकरची शिट्टी चालू असताना तिला फिरकी पडलेली ऐकू येते.

मी एका पायावर बगळ्यासारखी उभी. आईने आधी पंखा बंद केला, मग खिडकी लावून घेतली. मग माझा मोबाइल घेऊन टॉर्च लावला. मी असते तर उभ्याउभ्या वरून उजेड फिरवला असता. तिने फोन चक्क फरशीवर आडवा ठेवला, स्वतः गुडघ्यांवर बसली आणि गाल जमिनीला टेकवला. वरून उजेड टाकला की नुसती फरशी उजळते. आडवा टाकला की तांदळाच्या कणीचीसुद्धा हातभर सावली पडते. त्या उजेडात आमची स्वच्छ खोली एकदम उघडी पडली. पलंगाखाली केसांचे गुंते, पेनचं टोपण, एक वाटाणा, 2019 सालचं बसचं तिकीट. फिरकी नाही.

मग तिने केरसुणी काढली. फुलझाडू नाही, कारण तो हलकी वस्तू उडवून भलतीकडे नेतो. कोपऱ्यांपासून मधे, इंच इंच. तेवढ्यात गल्लीत कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण इंदूरच्या माणसाची सकाळ या गाडीवर लागलेली असते. 2017 पासून लागोपाठ सात वेळा देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर, सातव्या वेळी सुरतेबरोबर मान वाटून घेतला एवढंच. इथे गाडी चुकली म्हणजे घरात सुतक असल्यासारखं वाटतं. पण आईने खिडकीतून हात हलवून गाडी पुढे जाऊ दिली. "आजचा केर जायचा नाही," ती म्हणाली.

केर तिने जुन्या पेपरवर ओतला आणि तांदूळ निवडावेत तसा निवडला. फिरकी केसांच्या गुंत्यात होती. खालच्या मजल्यावरच्या काकू, गाडी चुकलेली बघून काय झालं म्हणून वर आल्या होत्या, त्याच आधी ओरडल्या, "मिल गई!" मग अर्थात चहा झाला. काकू गेल्या आणि छप्पन दुकानवरून, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतून, पोहे-जिलबी मागवून परत आल्या. आम्ही उपासनेला पाऊण तास उशिरा पोचलो. मागच्या बाकावर बसताना कानातली फिरकी मी तीनदा चाचपून बघितली, आणि तिसऱ्यांदा चाचपताना बायबलमधला लूकचा पंधरावा अध्याय आठवला.

दहा चांदीची नाणी असलेली ती बाई. एक हरवतं. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते आणि सापडल्यावर शेजारणींना, मैत्रिणींना बोलावते. अवघी तीन वचनं. लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती, आणि दिवा का लावला असेल हे कधी मनात आलं नव्हतं. येशू जिथे वावरला त्या कफर्णहूमला उत्खननात निघालेली घरं काळ्या बेसाल्ट दगडाची आहेत, जमीन दगडगोट्यांची. तसल्या घरात उजेड कितीसा येणार? नाणं फटीत गेलं की गेलं. तिने दिवा नक्कीच खाली धरला असणार, आईसारखा. आणि आमचा माळवाही त्याच काळ्या दगडावर बसलेला आहे. इंदूरच्या राजवाड्याचे खालचे मजले बघा. बाई माझ्या ओळखीची निघाली.

आमच्या घरी अशा बोधकथेला दाखला म्हणतात. येशूचे दाखले. आजी अहमदनगरची, तिथून लग्न होऊन इंदूरला आली. (नगरचं आता अहिल्यानगर झालं. आजी असती तर म्हणाली असती, बघा, मी नगर सोडून होळकरांच्या गावाला आले आणि होळकरांची सून माझ्या गावाला गेली. ती तरी कुठली, आमच्याच जिल्ह्यातल्या चौंडीची.) इंदूरच्या चर्चमध्ये सगळं हिंदीत, तिथे दाखल्याला दृष्टान्त म्हणतात. आजीला तो शब्द कधी पटला नाही. "दृष्टान्त देवाचा होतो, स्वप्नात," ती म्हणायची. "हा दाखला आहे. दाखला म्हणजे हातात धरता येतो." पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, कमी शिकलेल्या बाईलाही वाचता यावं म्हणून. 1922 साली त्या गेल्या, 1924 साली ते निघालं, आणि छपाईचं काम केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच केलं. हे आजी असं सांगायची जणू शाई तिच्याच बोटांना लागली होती.

रविवारी उपासनेनंतर मुलींचा गट मी घेते. सतरा ते चोवीस वयाच्या, अकरा जणी. भंवरकुआला पीएससीचा क्लास करणाऱ्या दोघी, एक नर्सिंगची, एक कॉल सेंटरमधली, बाकी कॉलेजच्या. या मुलींना मी एकदा विचारलं की कोणता दाखला पाठ आहे, तर सगळ्यांनी एका सुरात दहा कुमारींचा सांगितला. रात्री दिवे घेऊन वराची वाट बघणाऱ्या दहा जणी; पाच मूर्ख मुलींचं तेल पुरत नाही, पाच शहाण्या आपलं देत नाहीत. मला नवल वाटलं नाही. मुलींचा मेळावा असो, लग्नाआधीची प्रार्थना असो, आम्हाला कायम दहा कुमारी. दिवे तयार ठेवा, तेल भरून ठेवा, वेळेवर या, नाहीतर दार बंद. मुलगी म्हटली की ताकीद, आणि ताकीद म्हटली की मत्तय पंचवीस.

पीएससीवाल्यांपैकी एक तिरसटपणे म्हणाली, "दीदी, समझदार वालियों ने तेल बाँटा क्यों नहीं? हमको तो बचपन से बोलते हैं बाँटो." प्रश्न चोख होता. नर्सिंगवाली म्हणाली, माझ्या जागी परीक्षा तू देऊ शकतेस का? नोट्स देता येतात, अभ्यास देता येत नाही. यावर बराच वेळ भांडण चाललं. भांडणात एक गोष्ट निघाली, जी एवढ्या वर्षांत मला कुणी दाखवली नव्हती: झोपतात दहाही जणी. शहाण्यासुद्धा. वराला उशीर होतो, सगळ्यांना डुलकी लागते आणि त्याबद्दल कुणाला बोल लावलेला नाही. कॉल सेंटरमधली, जी रात्रपाळी करून थेट चर्चला येते आणि प्रवचनात झोपते, तिचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

तर त्या पुढच्या रविवारी मी फिरकीची गोष्ट सांगितली. सांगताना मलाच एक जाणवलं. त्या अध्यायात तीन गोष्टी हरवतात. शंभरातलं एक मेंढरू, दहातलं एक नाणं, दोघांतला एक मुलगा. मेंढरू रानात भरकटतं, मुलगा हिस्सा घेऊन दूर देशी जातो. त्या दोघांना आपण कुठे गेलो ते थोडंफार कळत तरी असेल. नाणं मात्र घरातच हरवतं. त्याने काही केलेलं नसतं. ते उंबरा ओलांडत नाही, त्याला आपण हरवलोय हेही ठाऊक नसतं. आणि शोधणारी कोण, तर केरसुणी घेतलेली बाई. परुशी आणि शास्त्री, म्हणजे तेव्हाचे कर्मठ यहुदी धर्मपंडित, कुरकुरत समोर उभे असताना येशू त्यांना सांगतो की देव असा आहे, पदर खोचून घर झाडणाऱ्या बाईसारखा. मेंढपाळाची चित्रं प्रत्येक ख्रिस्ती घरात असतात, आमच्याही बैठकीत आहे, खांद्यावर कोकरू घेतलेला. केरसुणीवाल्या बाईचं चित्र मी अजून कुणाच्या भिंतीवर पाहिलेलं नाही.

विधवेच्या दाखल्याबद्दल मात्र मला फार सांगावं लागत नाही, तो मी घरात पाहिला आहे. बाबा गेल्यावर एका कागदासाठी, म्हणजे वारसाच्या दाखल्यासाठीच, आई एका कचेरीत सात महिने जात होती. दर मंगळवारी. डबा घेऊन. बाबूसमोरच्या बाकावर बसायची, ओरडायची नाही, रडायची नाही, तो जेवायला उठला की तीही डबा उघडायची. सातव्या महिन्यात बाबूने तिला पाहिलं आणि कपाळाला हात लावून शिपायाला म्हणाला, "इनका कर दो भई." लूकच्या अठराव्या अध्यायातला न्यायाधीश अगदी तसाच आहे. त्याला ना देवाची भीती ना माणसाची लाज. पण ही बाई येऊन येऊन आपल्याला जेरीस आणील म्हणून तो न्याय देतो. तिथला मूळ ग्रीक शब्द मुष्टियुद्धातला आहे, डोळ्याखाली ठोसा मारण्याचा. हे मी आईला सांगितलं तर ती हसली. "मारला असता," म्हणाली, "पण डबा सांडला असता."

खमिराच्या दाखल्यावर आमचं कधी फारसं बोलणं होत नाही, कारण त्यावर प्रवचनं पुष्कळ ऐकलेली. एका स्त्रीने खमीर घेऊन तीन मापं पिठात लपवून ठेवलं. 'लपवून' या शब्दावर वक्ते विशेष खूश असतात. भगिनींनो, तुमचं काम दिसत नाही पण प्रभू पाहतो, वगैरे. तीन मापं म्हणजे चाळीसेक लिटर पीठ, शंभर माणसं जेवतील एवढी भाकरी. अब्राहामाच्या तंबूत तीन पाहुणे आले तेव्हा त्याची बायको सारा हिनेही तीनच मापं मळली होती. ज्याने जिलबीचं रात्रभर आंबलेलं पीठ सकाळी पाहिलंय त्याला माहीत आहे, ते लपून राहत नाही. झाकण ढकलून बाहेर येतं. लपण्यावर अर्धा तास बोलणाऱ्यांनी फुगण्यावर पाच मिनिटं तरी द्यावीत असं माझं मत आहे. पाळकसाहेबांना मी हे एकदा सांगितलं. ते म्हणाले, विचार करतो.

हे सगळं मुलींसमोर बोलून झालं, प्रार्थना झाली, आणि मी हजेरीची वही उघडली. अकरा नावं. एका नावापुढे तीन रविवार फुल्या. माझ्याच अक्षरात. दहातलं एक गेलं हे त्या बाईला कळलं, कारण ती मोजत होती. मोजत तर मीही होते, दर रविवारी फुली मारत होते. मुलगी गप्प, वयाने सगळ्यात लहान, मूसाखेडीहून बस बदलून येणारी. मी इतर मुलींना विचारलं की ती हल्ली येत नाही का. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. "आती है ना दीदी," एक म्हणाली. "पीछे होगी."

चर्चच्या मागे लहानसं स्वयंपाकघर आहे. उपासनेनंतर दीडशे माणसांचा चहा तिथे होतो. चहा करणाऱ्या बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे मला माहीत होतं. मग चहा कोण करतं, हा प्रश्न मला पडला नव्हता. तीन रविवार मी तो चहा प्यायले होते. चांगला असायचा, आल्याचा.

ती स्टुलावर उभी राहून मोठ्या पातेल्यात साखर ओतत होती. दुपट्टा कमरेला बांधलेला. मला बघून घाबरली, जणू काही चुकलं तिचं.

"अगं, तू इथे असतेस?" मी मराठीतच बोलून गेले. तिला मराठी कळतं, आई तिची खांडव्याकडची मराठी.

"मैं तो यहीं थी दीदी," ती म्हणाली. "हर बार."

मला काय बोलावं सुचेना. वही अजून हातात होती, ती मी फ्रिजवर ठेवली. मोरीत कप साठले होते, ते विसळायला घेतले. आज काय सांगितलं, तिने विचारलं. मी म्हटलं, फिरकी हरवली होती माझी. मग पहिल्यापासून सांगायला लागले, टिक् आवाजापासून. दूध वर यायला लागलं होतं. तिने माझ्याकडे बघत बघतच गॅस बारीक केला.